दारावर पाटी हवी का?

वाचकहो, सकाळचा पहिला चहा अजून हातात आहे, वर्तमानपत्राची घडीही नीट उलगडलेली नाही, आणि तेवढ्यात फोन वाजून पलीकडून काळजीचा आवाज विचारतो, "काय रे, आता कसं वाटतंय? घरी केव्हा सोडणार?" तर तुम्ही काय उत्तर द्याल?

२०२४ च्या ऑगस्टमधल्या एका सकाळी मी नेमका या पेचात सापडलो. फोन सांगलीहून होता आणि बोलणारा माझा शाळेपासूनचा मित्र होता. मी म्हटले, "कोणाला सोडणार? मी तर गॅलरीत बसून चहा पितोय!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे... काल रात्री वीस हजार मागितलेस, तो तू नव्हेस?"

आचार्य अत्र्यांच्या १९६२ च्या 'तो मी नव्हेच' या नाटकात एकच माणूस अनेक नावांनी वावरतो. माझ्या बाबतीत प्रकार उलटा होता. नाव एकच, आणि माणसे दोन!

दुसरा मी

समाजमाध्यमावर माझे एक खाते आहे. त्यात विशेष असे काही नाही. नातवाचा वाढदिवस, गणपतीची आरास, पुतण्याच्या लग्नात फेटा बांधून काढलेला माझा एक फोटो. कोणा भामट्याने नेमका तो फेट्याचा फोटो उचलला, माझ्याच नावाने दुसरे खाते उघडले आणि माझ्या मित्रांना नव्याने मैत्रीची आमंत्रणे धाडली. "जुने खाते बंद पडले" असे म्हटले की संशय कोण घेतो? मग रात्री अकराच्या सुमारास या दुसऱ्या 'मी'ने माझ्या मित्राला लिहिले, की इस्पितळात आहे, घरी कळवू नकोस, काळजी करतील; वीस हजार या क्रमांकावर पाठव, सोमवारी परत करतो.

मित्राने पाठवले. काही विचारले नाही. विचारायला तो मित्र होता, सावकार नव्हता.

मी त्याला लगेच १९३० या मदतक्रमांकावर तक्रार करायला लावली. ऑनलाइन फसवणुकीत पहिला फोन इथेच करायचा असतो, कारण वेळीच कळले तर पैसे मध्येच अडवता येतात. पण आम्हाला रात्र उलटून गेली होती. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन कोठल्याशा एटीएममधून बाहेरही पडली होती.

इकडे मी त्या खोट्या खात्याबद्दल समाजमाध्यमाच्या कंपनीकडे तक्रार केली. उत्तर यंत्राचे आले. प्रथम आभार, मग "आमच्या नियमांचा भंग झालेला दिसत नाही" असा निर्वाळा. तीन दिवस तो दुसरा मी आजारीच होता आणि नव्या नव्या नातेवाइकांकडे पैसे मागत होता. शेवटी कंपनीने माझ्याकडे ओळखपत्राची प्रत मागितली तेव्हा कोठे ते खाते बंद झाले. गंमत पाहा! मी मीच आहे हे सिद्ध करायला मला कागद पाठवावा लागला. तो मी आहे हे सिद्ध करायला त्याला मात्र कोणी काहीच विचारले नव्हते.

आमच्या इमारतीतले मतदान

मी चौतीस वर्षे बँकेत काढली आहेत. आमच्या उमेदवारीच्या काळात खाते उघडायचे तर ओळख देणारा एक जुना खातेदार बरोबर लागे. त्याची सही झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. पुढे २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'आपला ग्राहक ओळखा' हा दंडक बँकांना घालून दिला. त्याचेच 'केवायसी' हे आद्याक्षरी नाव आज घरोघरी तोंडपाठ आहे. साधे सिमकार्ड घ्यायचे तरी ओळखीचा पुरावा दाखवावा लागतो. मग जिथे माणूस हजारो लोकांपुढे बोलतो, भांडतो, विकतो, पैसे मागतो, तिथेच तेवढी बिननावाची मोकळीक का? चाळीतसुद्धा प्रत्येक दारावर पाटी असते. तशी पाटी या नव्या चाळीतल्या दारांवर सक्तीने लावावी, असे माझे मत त्या आठवड्यात अगदी पक्के झाले.

मत पक्के झाले की ते दुसऱ्यांकडून पक्के करून घ्यावेसे वाटते. म्हणून मी आमच्या ठाण्याच्या इमारतीत घरोघर हिंडून एकच प्रश्न विचारला: समाजमाध्यमावर प्रत्येकाची ओळख तपासून घ्यावी का?

तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, "अवश्य! तोंड लपवून शिव्या देणाऱ्यांची जीभ आपोआप आवरेल." दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी घरगुती लोणची-पापड फोनवरून विकतात. त्यांच्या पापडांचे फोटो चोरून कोणी आगाऊ पैसे उकळले होते. त्या म्हणाल्या, "भावजी, आजच करा. गिऱ्हाईक शेवटी माझ्याच दारात येऊन ओरडतं." सेक्रेटरींनी तर सोसायटीचा ठराव करून देण्याची तयारी दाखवली.

मात्र मी जेव्हा दुसरा प्रश्न विचारला, तेव्हा वारे फिरले. प्रश्न असा, की मग तुमचे स्वतःचे आधारकार्ड आणि चेहऱ्याचा फोटो त्या परदेशी कंपनीला पाठवाल ना? मास्तर चष्मा पुसू लागले. वहिनी म्हणाल्या, "यांना विचारून सांगते." संगणकाच्या कंपनीत काम करणारा तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा हसून म्हणाला, "काका, हॉटेलात झेरॉक्स दिली, सिमला दिली, भाडेकरारात दिली. त्या साऱ्या झेरॉक्स आता कोठे आहेत, सांगता येईल?"

मला सांगता आले नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली. पाटी सर्वांनाच हवी असते, ती शेजाऱ्याच्या दारावर. स्वतःच्या दाराला जो तो पडदा लावू पाहतो.

त्यातच पोलिसांकडून मित्राला कळले, की त्याचे पैसे ज्या पहिल्या खात्यात गेले, ते एका विशीतल्या पोराचे होते. आधार खरे, पॅन खरे, फोटोही त्याचाच. चार पैशांच्या लोभाने त्याने आपले खाते आणि कार्ड कोणाला तरी वापरायला देऊन टाकले होते. हे ऐकून मी, बँकेतला माणूस, गप्पच झालो. कागद पूर्ण, माणूस खरा, आणि चोरी झाली ती झालीच!

भाऊबीजेची संध्याकाळ

त्या वर्षी भाऊबीजेला माझी धाकटी बहीण पुण्याहून आली. बरोबर तिची मुलगी, माझी भाची. ओवाळणी झाली, फराळाची ताटे फिरली, आणि मी सवयीने माझा प्रश्न पुन्हा मांडला. सगळ्यांनी चकली खाता खाता हात वर केले. भाचीचा हात तेवढा खाली राहिला. मी चेष्टेने म्हटले, "का गं, तूही भामटी की काय?" ती नुसती हसली आणि कपबशा उचलून आत गेली.

रात्री पणत्यांत तेल घालायला मी गॅलरीत गेलो, तर ती तिथे उभी होती. तिच्या संसाराची घडी विस्कटली आहे हे आम्हाला ठाऊक होते. किती, ते मात्र ठाऊक नव्हते. सासर सोडून ती दोन वर्षांपूर्वी निघाली, त्या आधीची चार वर्षे तिने काय सोसले ते तिने आईलासुद्धा सांगितलेले नाही. सांगितले ते अनोळखी बायकांच्या एका गटाला, खोट्या नावाने.

ती म्हणाली, "मामा, मी खरं नाव लावलं असतं तर एक ओळसुद्धा लिहिली नसती. नवऱ्याचे भाऊ माझं नाव घालून रोज शोधतात. मी कोठे राहते, कोठे नोकरी करते, सगळं त्यांना हवंय. त्या गटातल्या एकीनं मला वकिलाचा पत्ता दिला. एकीनं सांगितलं, की अंगावरच्या माराचे डॉक्टरी कागद जपून ठेव. त्यांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत. तुमची पाटी सक्तीची झाली ना, की दुसऱ्या दिवशी ती सगळी दारं बंद होतील."

मी पणतीत तेल ओतत होतो ते बाहेर सांडले. माझे वीस हजार, म्हणजे खरे तर मित्राचे, एका पारड्यात होते. दुसऱ्या पारड्यात ही पोर उभी होती.

पडद्यामागची मराठी नावे

त्या रात्री मला झोप लागली नाही आणि आपल्याच वाङ्मयातली माणसे आठवू लागली. गोपाळ हरी देशमुख हे इंग्रजांच्या चाकरीत असलेले गृहस्थ. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी समाजाचे वाभाडे काढणारी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. त्यांची 'शतपत्रे' आज आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह निघाला. लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, लग्नाच्या वाटेवर अडकलेल्या मुलींच्या मनातले त्यात इतके उघडपणे आले होते, की महाराष्ट्रात गदारोळ उठला. ही बाई कोण, की बाईच्या नावाआड कोणी पुरुष, यावर घराघरांत तर्क लढले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. नाव आधी दारावर लावा मग लिहा, अशी सक्ती तेव्हा असती तर ते पुस्तक आपल्याला मिळाले असते का?

उलट, खरे नाव लावून लिहिले म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्याची खूण केली. दोघींनी नावे लपवली नव्हती. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे तो खटला मागे पडला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण त्या दोन मुलींची रात्र कोणाला परत देता आली?

जिथे करून पाहिले तिथे

मग मी जरा पद्धतशीर वाचन सुरू केले. हा प्रयोग जगात कोणी करून पाहिला आहे का?

दक्षिण कोरियाने पाहिला आहे. २००७ मध्ये तिथे असा कायदा अमलात आला, की रोज तीन लाखांहून अधिक लोक जिथे येतात अशा संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याने आधी सरकारी नोंदणी-क्रमांक देऊन ओळख पटवावी. दोन वर्षांत ती मर्यादा एक लाखावर आणली. परिणाम? शिवीगाळ म्हणावी तशी कमी झाली नाही. लिहिणारे परदेशी संकेतस्थळांकडे वळले. आणि २०११ च्या जुलैमध्ये एका मोठ्या कंपनीच्या साठ्यातून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. कोरियाची लोकसंख्याच जेमतेम पाच कोटींची! ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटना-न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. ओळखीचे कागद एका खोलीत रचून ठेवले, की ती खोलीच चोराच्या डोळ्यांत भरते, हा धडा बँकेत चौतीस वर्षे काढूनही मला नव्याने शिकावा लागला.

इंग्लंडमध्ये २०२१ साली ओळख-पडताळणी सक्तीची करा, अशा अर्जावर जवळजवळ सात लाख सह्या झाल्या. त्याच जुलैत युरोपीय फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंचे पेनल्टीचे फटके हुकले आणि त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला. सारा देश म्हणाला, बिननावाच्या भेकडांचे हे काम. ट्विटरने नंतर हिशेब मांडला. स्पर्धेच्या काळात कायमच्या बंद केलेल्या खात्यांपैकी ९९ टक्के खात्यांचे मालक ओळखता येण्याजोगे होते! आमच्या मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे हल्ली शिव्या द्यायला तोंड लपवावंही लागत नाही!"

आणि ट्विटरच्या त्या निळ्या खुणेची कथा तर प्रहसनच. नामांकितांची ओळख तपासून २००९ पासून दिली जाणारी ती खूण २०२२ च्या नोव्हेंबरात महिना आठ डॉलरला विकायला काढली. ओळख तपासणे बाजूला राहिले. लगेच एका बड्या औषध-कंपनीच्या नावाने कोणी खोटे खाते काढले, खूण विकत घेतली, आणि जाहीर केले की इन्शुलिन यापुढे फुकट! खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला. पाटी पैशाला मिळू लागली की ती वाचून करायचे काय?

लॉकरच्या दोन किल्ल्या

तर मग सोडूनच द्यायचे? भामट्याला रान मोकळे? नाही, वाचकहो. माझ्या मित्राचे पैसे खरे होते, आणि वहिनींच्या पापडांचे फोटोही. सोंग घेऊन फसवणाऱ्याला आपल्याकडे कायदा आहेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होतो. २०२१ च्या नियमांनी, पन्नास लाखांहून अधिक नोंदलेले लोक वापरतात अशा समाजमाध्यमांना आणखी एक गोष्ट सांगितली: ज्याला आपली ओळख पटवून घ्यायची असेल त्याला तशी सोय द्या, आणि पटल्याची खूण त्याच्या नावापुढे दिसू द्या. मात्र हे सारे राजीखुशीने. ब्रिटनच्या २०२३ च्या कायद्याचीही चाल अशीच आहे. मोठ्या माध्यमांनी प्रौढांना ओळख पटवण्याची मुभा द्यावी, आणि ओळख न पटलेल्यांना आपल्यापासून दूर ठेवण्याचे साधन वाचणाऱ्याच्या हाती द्यावे.

मला हा मार्ग बरा वाटतो. जो पैसे मागतो, माल विकतो, डॉक्टर किंवा सल्लागार म्हणून मिरवतो, त्याने पाटी लावावी. वहिनींनी लावावी, त्यात त्यांचाच फायदा. ज्याच्या दारावर पाटी नाही त्याच्याशी पैशाचा व्यवहार आपण करू नये. पण ज्याला नुसते मन मोकळे करायचे आहे, त्याच्या दाराशी काठी आपटत "नाव सांग" म्हणून कोणी उभे राहू नये. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. भाचीच्या गॅलरीतल्या बोलण्याचा अर्थ मला त्या निकालात सापडला.

वृत्तपत्रांत ही रीत फार जुनी आहे. वाचकांच्या पत्राखाली 'एक त्रस्त नागरिक' असे छापले जाते, पण खरे नाव आणि पत्ता संपादकांच्या टेबलात असतो. वाचकाला नाव कळत नाही, आणि तरी पत्र बेवारशी नसते. मात्र ती रीत चालली ती संपादकांवरच्या विश्वासावर. आजच्या कंपन्यांवर तसा विश्वास ठेवायचा, तर मी त्यांना आमच्या बँकेतला लॉकर दाखवीन. त्याला दोन किल्ल्या असतात. एकटी बँक तो उघडू शकत नाही, एकटा ग्राहकही नाही. ज्याने आपले नाव ठेवायला दिले आहे, त्याचे नाव अशाच लॉकरात असावे. एक किल्ली कंपनीकडे, दुसरी न्यायालयाकडे. गुन्हा घडला तर दोन्ही मिळून उघडा. दीर कितीही ओरडला, कोणी मोठा माणूस कितीही रागावला, तरी एका किल्लीने ते उघडता कामा नये.

आता आमच्या हिशेबाचे काय झाले ते सांगून संपवतो. मित्राला पैसे परत मिळाले नाहीत. मी निम्मे देऊ केले, तर तो म्हणाला, "ते मी तुझ्या आजारपणाला दिले होते. तू आजारी नव्हतास, यातच माझे पैसे वसूल झाले." भाचीचे प्रकरण न्यायालयात आहे. ती अजून लिहिते. कोणत्या नावाने, ते मी विचारलेले नाही आणि विचारणारही नाही.

मित्राने आणि मी मात्र आमच्यापुरती एक पडताळणी ठरवून टाकली आहे. तिला आधार लागत नाही, फोटो लागत नाही. यापुढे 'मी' पैसे मागितले, तर त्याने एवढेच विचारायचे, की सातवीत गणिताचे मास्तर तुला कोणत्या नावाने हाक मारीत? ते नाव जगात आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. सौभाग्यवतींनी ते काढून घेण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. पण त्या लॉकरालाही दोन किल्ल्या आहेत, आणि दुसरी सांगलीला असते!